आजोबांची शेड कशी सुरू करायची?



गटाच्या बैठकीत आपण कर्जाचं बोलतो, पोरांच्या शाळेचं बोलतो, कुणाची गाय व्याली तेही बोलतो. घरातल्या म्हाताऱ्या पुरुषाचा विषय मात्र निघतो तो तक्रारीनंच. दिवसभर ओट्यावर बसून असतात, चिडचिड करतात, धड बोलत नाहीत. या वेळचा पाठ त्यांच्याबद्दल आहे.

बाई सत्तरीची झाली तरी तिला भाजी निवडायची असते, नातवंडं सांभाळायची असतात, शेजारणीकडे जायचं असतं. पुरुषाचं तसं नसतं. शेत मुलाच्या हाती गेलं, बैल विकले, की सकाळी उठून जायचं कुठे? त्यात बायको आधी गेली तर मनातलं बोलायचं माणूसच संपलं.

माझ्या सासऱ्यांचं हेच झालं. सासूबाई गेल्यावर 'जेवा' म्हटलं की जेवायचे, एवढंच. "आबा, काय होतंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही." एक दिवस माझ्या खुरप्याची मूठ निघाली. सहज म्हटलं, "आबा, एवढी बसवून देता का?" मूठ बसवता बसवता ते तासभर बोलले. सगळं सासूबाईंबद्दल, आणि माझ्याकडे एकदाही न बघता.

ऑस्ट्रेलियात लोकांनी हे आधीच ओळखलं होतं. तिथे पुष्कळ घरांच्या मागे अवजारांची शेड असते आणि पुरुष तिथे काहीतरी ठोकत बसतात. म्हातारपणी लहान घरात राहायला गेलं की ती शेडही सुटते. १९९३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा या छोट्या गावात ज्येष्ठांच्या केंद्रात पुरुषांसाठी सामाईक शेड सुरू झाली. ती सुरू केली मॅक्सीन चेझलिंग या बाईंनी. बाईंनी, बरं का! १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला गावात 'मेन्स शेड' याच नावाची शेड उघडली. २००७ साली या शेडची देशभराची संघटना झाली, जसा आपल्या गटांचा संघ होतो तशी. आज एकट्या ऑस्ट्रेलियात हजाराहून जास्त शेड आहेत. आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंडमध्येही त्या आहेत.

तिथे कुणी लाकडाची खेळणी करतो, कुणी सायकल दुरुस्त करतो, कुणी नुसता चहा पिऊन जातो. त्यांचं म्हणणं असं, की पुरुष समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. मला हे खुरप्यामुळे आधीच पटलं होतं.

आपल्या गावात हे करायचं तर पहिली गोष्ट निमंत्रणाची. "तुमच्या तब्येतीसाठी या" म्हणालात तर एकही येणार नाही. "अंगणवाडीचं बाकडं मोडलंय, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही" असं म्हणा. आणि ते खरं काम असू द्या. खोटं काम म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं.

जागा मोठी लागत नाही. समाजमंदिराची पडवी किंवा वापरात नसलेली एखादी खोली चालेल. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, परवानगीही लेखीच घ्या. तोंडी परवानगी निवडणुकीनंतर कुणाला आठवत नाही. अवजारं घरोघरी पडलेली असतात: करवत, रंधा, पटाशी, वाकस. कुणाचं काय आणलं ते वहीत लिहा, नाहीतर पहिलं भांडण त्यावरूनच होईल. सुरुवात हाताच्या अवजारांनी करा. विजेची यंत्रं नंतर, ती चालवता येणारा माणूस मिळाला तरच. बाज विणणं, दोर वळणं, विळ्याची मूठ बसवणं, एवढ्यावर पहिले दोन महिने निघतात.

दोन नियम पहिल्याच दिवशी सांगा. पिऊन यायचं नाही. आणि चहा सगळ्यांना एकाच किटलीतून, एकसारख्या कपात. दोर वळणारा कुठल्या आळीचा, लोखंडाचं काम येणारा कुठल्या आळीचा, हे आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याच्या हातात कसब तो शिकवणार, बाकीचे त्याच्याशेजारी बसून शिकणार. हे जमलं नाही तर शेड उघडूच नका.

आता आपलं काम कुठे संपतं तेही ऐका. सुरू करून द्या, मग किल्ली त्यांच्या हातात द्या. झाडलोट त्यांची, चहा त्यांचा, वही त्यांची. वर्गणी काय घ्यायची ते त्यांनी ठरवावं. गटाच्या बचतीतला पैसा यात घालू नका. त्यांची सेवा करायला आपण घरी आहोतच, तिथे आणखी एक स्वयंपाकघर नको.

आयर्लंडमध्ये आरोग्याची तपासणी शेडमध्येच आणतात, कारण पुरुष दवाखान्यात जायला टाळतात. आपणही आशाताईंना विचारून महिन्यातून एकदा बीपी बघायची सोय करू शकतो.

एक गोष्ट मात्र शेडवर सोडायची नाही. घरातला माणूस "आता जगून काय करायचंय", "तुम्हाला माझं ओझं झालंय" असं म्हणू लागला, झोप-जेवण सुटलं, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, तर 'म्हातारपणाची बडबड' म्हणून सोडून देऊ नका. त्याला सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं ठेवू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा नंबर आहे. दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या आळीतल्या साठीपुढच्या पुरुषांची नावं लिहून आणा. नावापुढे त्यांना काय येतं ते लिहा. 'काही येत नाही' असं कुणापुढेही लिहायचं नाही. अवजार धरता येत नसेल तर जनावराची पारख येत असेल, नाहीतर कोणती विहीर कोणत्या साली आटली ते सांगता येत असेल. आमच्या यादीत पहिलं नाव आबांचं आहे. त्यांनी विचारलंय, रंधा कुणाचा आणणार, कारण त्यांच्या रंध्याचं पातं बोथट झालंय.