कपड्यांत शौच होणारे बालक : कारणे व शिक्षकांचे कर्तव्य

पहिली-दुसरीच्या वर्गात क्वचित असे बालक आढळते की, त्यास शौचाची सवय घरी तिसऱ्या वर्षीच लागलेली असते. तथापि आठवड्यातून कित्येकदा त्याची चड्डी मलाने डागाळते. शेजारची मुले नाक दाबतात, चिडवतात आणि बालक शाळेस यावयाचे टाळू लागते. आळस किंवा हट्ट हेच याचे कारण, असे शिक्षक व पालक दोघेही धरून चालतात. ही समजूत बहुतांशी चुकीची असून तिच्यापायी निरपराध बालकास शिक्षा भोगावी लागते.

वयाची चार वर्षे उलटल्यावरही असे वारंवार घडत असेल, तर बहुसंख्य बालकांत त्याचे मूळ जुन्या मलावरोधात असते. एकदा खडा होऊन शौचाचे वेळी दुखले की बालक भीतीने वेग दाबून धरते. दाबलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते. तो अधिक कठीण होतो आणि पुढील खेपेस अधिक दुखते. असे कित्येक महिने चालले म्हणजे गुदाशय ताणला जातो व तो भरल्याची जाणीव बोथट होते. मग वरचा पातळ मल साचलेल्या गोळ्याच्या कडेने झिरपून कपड्यांत येतो. नित्य त्याच वासात असल्याने बालकास तो वासही जाणवत नाही. “तुला कळत नाही का?” या प्रश्नाचे खरे उत्तर “नाही” हेच असते. पातळ मल पाहून पालक हगवण समजतात व मल बांधणारे औषध देतात. त्याने विकार वाढतो.

मुकुंदवाडीचे उदाहरण घ्यावे. एके काळचे हे खेडे आज छत्रपती संभाजीनगर शहराचा भाग आहे व चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत त्याच्या शेजारीच आहे. आईबापांस सकाळच्या पाळीवर जावयाचे असले म्हणजे मुलाची तयारी घाईत होते आणि शौच राहून जाते. जायकवाडीचे पाणी येत असूनही नळास अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव या शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. शाळेच्या शौचालयात पाणी नसले किंवा दारास कडी नसली, तर बालक दिवसभर वेग दाबते. म्हणजे विकाराचे एक कारण प्रत्यक्ष शाळेतच असू शकते, आणि ते दूर करणे शिक्षकांच्या हाती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. तास चालू असताना बोट दाखविणाऱ्या बालकास कधीही थांबवू नये.

२. शौचालयात पाणी, साबण, उजेड व कडी आहे की नाही, हे शिक्षकांनी दर आठवड्यास स्वतः आत जाऊन पाहावे.

३. कपडे खराब झाल्यास बालकास शांतपणे बाहेर न्यावे. शाळेत एक-दोन जादा चड्ड्या ठेवाव्यात. वर्गासमोर एक शब्दही बोलू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमान्वये शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई आहे.

४. जेवणानंतर आतड्यांची हालचाल स्वभावतःच वाढते. म्हणून शालेय पोषण आहारानंतर व घरी रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे बालकास शौचास बसू द्यावे. कमोड असल्यास पायांखाली पाट द्यावा. शौच झाले नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्यावी.

५. पालकांस एकांतात भेटून डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. साचलेला मल प्रथम औषधाने काढावा लागतो व नंतर तो मऊ ठेवणारे औषध कित्येक महिने चालते. बरे वाटताच ते बंद केल्यास दुखणे उलटते. घरच्या घरी एरंडेल पाजू नये किंवा साबणाची वडी लावू नये.

६. पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाज्या व पेरू आहारात असावेत; दुधाचा अतिरेक व बिस्किटांवर भागविणे टाळावे.

जन्मापासूनचा मलावरोध, मलात रक्त, फुगलेले पोट, उलट्या, न वाढणारे वजन, पायांतील अशक्तपणा यांपैकी काही दिसल्यास विलंब न लावता शासकीय रुग्णालयात, म्हणजे येथील ‘घाटी’त, दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येईल तेव्हा अशा बालकाची माहिती डॉक्टरांस खाजगीत द्यावी. मलावरोध नसताना हा प्रकार अकस्मात सुरू झाला, तर घरातील कलह, शाळेतील धाक किंवा कोणाकडून होणारा छळ यांचाही हळुवारपणे शोध घ्यावा.

ताणलेला गुदाशय पूर्ववत होण्यास महिने लागतात. मध्यंतरी पुन्हा चड्डी खराब होईल. त्या दिवशी शिक्षक रागावले, तर बालक पुन्हा वेग दाबू लागेल आणि औषधाचे काम व्यर्थ जाईल. यास्तव त्या दिवसाचे शिक्षकांचे वर्तन हाही उपचाराचाच भाग समजावा.