दाबणे आणि क्लिक करणे
संगणकाच्या तासाला 'पुसा' बटणावर चुकून कळ दाबली गेली आणि वर्गाची यादी गेली. आम्ही त्या मुलाला दोष दिला नाही. चूक आम्ही शिक्षकांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये होती.

विंडोज फॉर्म्समध्ये माऊसची डावी कळ दाबताच 'माऊसडाऊन' ही घटना घडते. कळ त्याच बटणावर सोडली तरच 'क्लिक' घडते, शेवटी 'माऊसअप'. पुसण्याची आज्ञा आम्ही माऊसडाऊनमध्ये लिहिली होती, ती क्लिकमध्ये नेली. आता चुकून कळ दाबली गेली, तर ती न सोडता बाण बटणाबाहेर न्यावा आणि मग सोडावी. यादी सुरक्षित राहते.

दुसऱ्याला चूक सुधारण्याची संधी देईल, असाच प्रोग्राम लिहावा.