पोलाद आणि अतिशीत उपचार

जवाहिरांचे आणि ठशांच्या कापडाचे शहर म्हणून जयपूर सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९४६ साली तेथे ‘नॅशनल इंजिनियरिंग इंडस्ट्रीज’ हा कारखाना निघाला आणि बॉल बेअरिंगच्या निर्मितीशीही या शहराचे नाव जोडले गेले. बेअरिंगचे आतले कडे मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांनी वाढले, तरी ते आसावर सैल होते व गोळ्यांना आवळू लागते. म्हणूनच अतिशीत उपचाराने धातूचे गुणधर्म बदलतात काय, हा प्रश्न येथे केवळ कुतूहलाचा राहत नाही.

तांब्याचा तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, बुडवला तर तो आकुंचन पावतो. बाहेर काढला की जवळजवळ पूर्ववत होतो. साधे पोलाद थंडीत ठिसूळ बनते खरे, पण ऊब मिळताच तो दोषही नाहीसा होतो.

पाणी दिलेल्या पोलादाची गोष्ट निराळी आहे. बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का कार्बन व १.५ टक्का क्रोमियम असते. ते सुमारे ८४० अंशांपर्यंत तापवले असता त्याची अंतर्रचना ‘ऑस्टेनाइट’ या स्वरूपाची होते. मग ते तेलात एकदम निववतात. (तेल असले तरी बोलण्यात ते ‘पाणी देणे’च!) त्या वेळी ऑस्टेनाइटचे अत्यंत कठीण अशा ‘मार्टेन्साइट’मध्ये रूपांतर होऊ लागते. हे रूपांतर किती व्हावे, हे मुख्यतः तापमान किती खाली उतरले यावर ठरते. आणि या पोलादात ते खोलीच्या तापमानाला पुरे होत नाही. काही ऑस्टेनाइट तसेच अडकून राहते. पुढे यंत्र चालू असता उष्णतेने व दाबाने ते हळूहळू पालटते, आणि पालटताना सुमारे ४ टक्के अधिक जागा व्यापते. कड्याचे माप बिघडते ते यामुळे.

अतिशीत उपचार म्हणजे अर्धवट राहिलेले हे निववणे पुढे नेणे होय. पुष्कळदा उणे ७० ते ८० अंश पुरेसे होतात. मात्र मध्ये फार वेळ जाऊ देता कामा नये; कारण उरलेले ऑस्टेनाइट स्थिरावते व मग थंडीला सहजी दाद देत नाही. त्यानंतर पोलाद पुन्हा सौम्य तापवावे लागते, एरवी नवे मार्टेन्साइट तडकण्याचा संभव असतो.

मोजमापाच्या पोलादी ठोकळ्यांना हा उपचार उपकारक ठरतो, कारण त्यांचे माप वर्षानुवर्षे तेच राहावे लागते. बेअरिंगमधून मात्र सगळे ऑस्टेनाइट घालवणे नेहमीच हिताचे नसते. राजस्थानसारख्या वाळूच्या मुलखात वंगणात कण शिरतात आणि कड्यावर बारीक खळगे पाडतात. अशा वेळी खळग्याच्या काठाशी असलेले थोडे मऊ ऑस्टेनाइट ताण सोसून घेते, आणि तेथून चीर निघण्याचा क्षण लांबतो.