14 इंची जुना दूरचित्रवाणी संच : उपयोग, मर्यादा आणि सावधगिरी

भारतात 1982च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि पुढील दोन दशकांत मोठा संच न परवडणाऱ्या किंवा एकाच खोलीत राहणाऱ्या असंख्य कुटुंबांनी 14 इंची पिक्चर ट्यूबचा, म्हणजे निर्वात काचनळीच्या रुंद तोंडावर इलेक्ट्रॉनांच्या झोताने चित्र उमटवणारा, छोटा संच पसंत केला. माळ्यावरून काढलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला असा संच घेताना पडदा उजळला की ग्राहकाचे समाधान होते. परंतु हा निकष अपुरा आहे, कारण खरी अडचण बहुधा संचात आजचे प्रक्षेपण कोणत्या वाटेने शिरणार या प्रश्नापाशी असते.

जुन्या संचांत, विशेषतः कृष्णधवल संचांत, मागील बाजूस केवळ अँटेनाची खाच असते आणि आतील ट्यूनर, म्हणजे हव्या त्या वाहिनीची कंप्रता निवडणारा भाग, फक्त अॅनालॉग संकेत ओळखतो. दूरदर्शनची बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे आता बंद झाली असून केबलही डिजिटल झाली आहे, त्यामुळे अँटेना कितीही उंच बांधला तरी पडद्यावर मुंग्याच दिसतात. सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल पिना लावण्याची सोय ज्या संचात नाही, त्यासाठी आरएफ मॉड्युलेटर नावाची डबी लागते, जी चित्र व ध्वनीचे संकेत एखाद्या जुन्या वाहिनीच्या कंप्रतेवर चढवते. ती भारतीय पद्धतीची आहे ना, हे पाहूनच घ्यावी; आपल्याकडील पद्धतीत ध्वनीची लहर चित्राच्या लहरीपासून 5.5 मेगाहर्ट्झ अंतरावर असते, आणि हे अंतर 6 किंवा 6.5 असलेली परदेशी डबी जोडल्यास चित्र उत्तम येऊनही आवाजाऐवजी नुसती खरखर ऐकू येते. अनेकदा या खरखरीसाठी निर्दोष संच दुरुस्तीला जातो.

पडद्याचे 4:3 हे प्रमाणही विचारात घ्यावे लागते. 14 इंची पडदा सुमारे 11 इंच रुंद असल्याने आजचे 16:9 चित्र त्यावर पूर्ण रुंदीने दाखवल्यास त्याची उंची जेमतेम सव्वासहा इंच उरते आणि बातम्यांच्या तळपट्टीतील अक्षरे दोन हातांवरूनही वाचता येत नाहीत. याउलट जुन्या व्हिडिओ गेमसाठी हाच पडदा अधिक योग्य ठरतो, कारण चित्र विलंबाविना उमटते आणि त्या काळातील पडद्यावर रोखायची खेळण्यातील बंदूक केवळ अशा झोताच्या पडद्यावरच नेम ओळखते. काही लहान कृष्णधवल संच 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालत, हा वीज नसलेल्या गावांत फार मोलाचा गुण होता.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. रंगीत पिक्चर ट्यूबला सुमारे 20 हजार व्होल्टचा दाब लागतो, आणि काचनळी धारित्रासारखी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकासारखी वागत असल्यामुळे प्लग काढल्यानंतरही हा भार दीर्घकाळ टिकू शकतो; म्हणून मागचे झाकण केवळ धूळ पुसण्यासाठीही जाणकाराखेरीज कोणी उघडू नये. त्यातच काही संचांची चासी, म्हणजे आतील भाग ज्यावर बसवलेले असतात तो सांगाडा, थेट घरातील विजेच्या प्रवाहाशी जोडलेली असते, त्यामुळे अशा संचाला बाहेरून पिना बसवून घेण्याची स्वस्त युक्ती जिवावर बेतू शकते.

खरेदीपूर्वी संच निदान तासभर सलग चालवून पाहावा, कारण सैल पडलेले डाख आणि सुकलेले कपॅसिटर बहुधा तापल्यावरच दगा देतात : चित्राची उंची आकसते, किंवा सारे चित्र मिटून मध्ये एकच आडवी पांढरी रेघ उरते. अशी रेघ दिसताच संच तत्काळ बंद करावा, अन्यथा झोत एकाच जागी पडून पडद्यावरील प्रकाशक लेप कायमचा जळतो. कोपऱ्यांतील रंगांचे डाग मात्र जवळ ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाचेही असू शकतात, म्हणून आधी तो दूर करून पाहावा.

निकामी संच भंगारवाल्याला देणे टाळावे. पिक्चर ट्यूबच्या गळ्याभोवतीच्या वेटोळ्यातील तांब्यासाठी ती फोडली जाते, आणि तिच्या काचेत शिसे असते. ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्रात ती अखंड पोहोचवावी.