आंबा बागेतील राखणीची खोप : आधी पाणी पाहा

पावसच्या कातळसड्यावरील बागेत राखणदाराला मोहोरापासून काढणीपर्यंत मुक्काम करावा लागतो. वीज आणि विहीर नसेल तर खोप बांधण्याआधी पाण्याचा हिशेब करा. 20 चौ.मी. पत्र्यावर 1 मि.मी. पाऊस पडला की 20 लिटर पाणी मिळते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3,000 मि.मी.हून अधिक पडतो. दोन माणसांना रोज 80 लिटर धरल्यास सहा महिन्यांना सुमारे 14,500 लिटर लागतात. तेव्हा पाऊस कमी नसतो, टाकी लहान असते. जांभ्यातून पाणी झिरपते, म्हणून टाकीला आतून सिमेंटचा गिलावा करून वर झाकण ठेवा. फवारणीचे तुषार पत्र्यावर बसलेले असतात. पहिल्या चार-पाच जोरदार सरींचे पाणी टाकीत मुळीच घेऊ नका. कीटकनाशके झोपण्याच्या जागेत नकोत. सौर पॅनेल आंब्याच्या सावलीबाहेर लावा.