मोबाइलवरील आरोग्यमाहिती आणि साधनचिकित्सा

इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनचिकित्सेचा धडा आरंभीच दिला जातो. कागद हाती आला की तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला हे विचारल्यावाचून त्यातील मजकूर पुरावा म्हणून स्वीकारायचा नसतो. मोबाइलवर आजाराची माहिती शोधतानाही हीच शिस्त लागते, हे मला एका पालकांमुळे उमगले.

काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीचे वडील तिला कायमचे घरी नेण्यासाठी वसतिगृहात आले. तिच्या रक्ततपासणीच्या अहवालावर ‘सिकलसेल, ए एस’ अशी नोंद होती. त्यांनी रात्रभर मोबाइलवर वाचले होते: असह्य वेदना, वारंवार रक्त चढविणे, अल्पायुष्य. खो-खो बंद आणि शाळाही बंद, असा त्यांचा निर्णय झाला होता.

त्यांनी वाचलेले खोटे नव्हते. ते त्यांच्या मुलीविषयी नव्हते, इतकेच. ‘ए एस’ म्हणजे वाहक. आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेली अशी व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. दोघांकडूनही तो आला की ‘एस एस’, म्हणजे रुग्ण. केवळ ‘सिकलसेल’ हा शब्द टाकून शोध घेतला, तर समोर येते ते बहुतांशी रुग्णांचे वर्णन. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीही पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतर ठरते. आमच्या विदर्भात आदिवासी व बौद्ध समाजांत हा आजार बराच आढळत असल्याने हा भेद घरोघरी ठाऊक हवा.

माहिती कोठली, हाही प्रश्न आहे. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये या आजाराच्या विळ्यासारख्या रक्तपेशींची नोंद प्रसिद्ध केली. भारतात निलगिरीच्या आदिवासींमधील नोंद 1952 ची. इंग्रजीतील पुष्कळ लेखन आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासावर उभे आहे. आपल्याकडे या जनुकाचा अरब-भारतीय प्रकार आढळतो आणि अशा रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते. म्हणून आपल्याकडे आजार सौम्यच असतो असे मात्र नाही. विदर्भात तीव्र त्रासाचे रुग्णही आहेत. परंतु तिकडचा आयुर्मानाचा आकडा उचलून आपल्या लेकराच्या कपाळी लिहिणे चूक आहे.

आणि काळ? डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने सिकलसेलवरील जनुकोपचारास मान्यता दिली. त्यापूर्वीच्या लेखांत त्याचा उल्लेख मान्यताप्राप्त उपचार म्हणून सापडणार नाही. नंतरच्या मथळ्यांत ‘इलाज सापडला’ असे वाचायला मिळेल. पण मान्यतेच्या वेळी एका उपचाराची तेथील किंमत 22 लाख डॉलर होती, हे मथळा सांगत नाही.

शोधाचे शब्दही तपासावेत. ‘सिकलसेल मुळापासून बरा करणारे औषध’ असे विचारले की प्रश्नातच उत्तर गृहीत धरलेले असते, आणि मग ते औषध विकणारे पुढे येतात. ‘प्रायोजित’ हा शब्द बारीक अक्षरात असतो. डोळ्यांवर चष्मा असलेल्या माझ्यासारख्याला तो सहज चुकतो. ‘सिकलसेल वाहक म्हणजे काय’ असे विचारावे, सापडलेले वहीत टिपावे आणि ती वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. जाणे शक्य नसेल, तर शासनाच्या ई-संजीवनी सेवेवरूनही डॉक्टरांशी बोलता येते.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तशीच वही केली. शेवटी मी सहज विचारले, “घरातील इतरांची तपासणी झाली आहे का?” झाली नव्हती. धाकट्या मुलाचे हातपाय दर हिवाळ्यात दुखत. घरचे वात समजून तेल चोळीत. त्या रात्रभरच्या वाचनात वडिलांच्या मनात तो एकदाही आला नव्हता.

त्याचा अहवाल ‘एस एस’ आला. आईवडील दोघेही वाहक निघाले. डॉक्टरांनी मुलाला हायड्रॉक्सियुरिया सुरू केले. मुलगी वसतिगृहातच राहिली आणि त्या वर्षीही खो-खोच्या संघात होती.