वृत्तनिवेदिका स्मिता पाटील

बातमी ही वस्तु मोठी विलक्षण आहे. ती सांगण्यास कांहीं खर्च येत नाहीं. परंतु ती खोटी निघाली तर ऐकणाराचें सर्वस्वही जाऊं शकतें. म्हणून बातमी सांगणाराच्या अंगीं कोणते गुण असावे, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडीलमंडळींनीं अवश्य करावा, असें आम्हांस वाटतें. तो विचार केवळ कोरडा उपदेश होऊं नये, यासाठीं एका वृत्तनिवेदिकेचें चरित्र आम्ही येथें देत आहों. स्मिता पाटील हें नांव बहुतेक वाचकांस चित्रपटांमुळें ठाऊक असेल. परंतु महाराष्ट्रानें त्यांस प्रथम पाहिलें तें बातम्या वाचणारी एक तरुणी म्हणून.

स्मिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास झाला. वडील शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्याच्या चळवळींतील कार्यकर्ते असून पुढें ते राज्याचे मंत्री झाले. मातोश्री विद्याताई या परिचारिका व समाजसेविका होत्या. घरांत सेवेचा संस्कार होता, आणि बाहेर राष्ट्र सेवा दलासारख्या संस्थेशीं संबंध होता. चार लोकांत मिसळावें, निर्भयपणें बोलावें, परंतु आपलाच मोठेपणा मिरवूं नये, हें वळण त्यांस लहानपणींच लागलें.

भारतांत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. मुंबईचें केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, म्हणजे तेरा वर्षांनीं सुरू झालें. त्या काळीं चित्र कृष्णधवल असे, आणि संच थोड्याच घरीं असत. ज्याच्या घरीं संच असे, त्याच्या ओटीवर संध्याकाळीं सारी आळी लोटे. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे इत्यादि मंडळी या केंद्रावरून मराठी बातम्या सांगत. केंद्राच्या त्या आरंभींच्या काळांतच विशीच्या आंतील स्मिताबाईंची तेथें निवड झाली. त्यांच्याविषयीं एक गमतीची गोष्ट सांगतात. त्यांस जीन्स घालण्याची आवड होती. परंतु बातम्या वाचावयाच्या त्या साडी नेसून. तेव्हां वेळ आली कीं जीन्सवरच त्या साडी गुंडाळीत व कॅमेऱ्यापुढें जाऊन बसत! ही गोष्ट ऐकून मुलांस हंसूं येईल. परंतु साडी कशीही नेसलेली असो, वाचन मात्र नीटनेटकें असलें पाहिजे, हें त्या जाणून होत्या.

हें वाचन दिसतें तितकें सोपें नाहीं. बातमीदार वृत्त आणतो, संपादक तें पारखून लिहितो, आणि अखेरीस निवेदक तें लोकांस सांगतो. आज कॅमेऱ्याच्या भिंगापुढेंच अक्षरें सरकत जातात. त्या वेळीं हातांतील कागदावरून वाचावें लागे, आणि मधून मधून दृष्टि वर करून, पाहणाराशीं आपण समक्ष बोलत आहों, असें दाखवावें लागे. परदेशांतील अवघड नांवें, मोठमोठ्या संख्या, ऐन वेळीं हातीं आलेली चिठी, या सर्वांतून न अडखळतां वाट काढावी लागे. तोंडून गेलेला शब्द परत घेतां येत नसे. याहून कठीण गोष्ट मनाच्या संयमाची. अपघाताची वार्ता सांगतांना निवेदकानें रडूं नये, विजयाची सांगतांना नाचूं नये, आणि निवडणुकीची सांगतांना आपला पक्ष कोणता हें कळूं देऊं नये. बातमी पुढें, आपण मागें. निवेदकाचा हाच धर्म होय.

स्मिताबाईंचा सांवळा, शांत चेहरा व बोलके डोळे पडद्यावर पाहून दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनीं त्यांस चित्रपटांत घेतलें. ‘चरणदास चोर’ (१९७५) हा मुलांसाठीं काढलेला चित्रपट त्यांच्या पहिल्या चित्रपटांपैकीं होय. त्यांत स्मिताबाई राजकन्या झाल्या आहेत. आणि कथा आहे ती खोटें न बोलण्याचें व्रत घेतलेल्या एका चोराची. बातमी सांगणाऱ्या मुलीस पहिलीं पाउलें टाकण्यास याहून शोभेशी कथा ती कोणती मिळणार? पुढें ‘भूमिका’ (१९७७) व ‘चक्र’ या चित्रपटांसाठीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या मराठी चित्रपटांत महिलाश्रमाच्या अधीक्षिकेचें काम त्यांनीं केलें, तें आजही लोकांच्या स्मरणांत आहे. सन १९८५ मध्यें त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. मुंबईंतील स्त्रियांच्या चळवळींतही त्या सहभागी होत्या. १३ डिसेंबर १९८६ रोजीं, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या अभिनयांत भडकपणा नाहीं, असें सर्वच रसिक म्हणतात. आमच्या मतें याचें एक मूळ त्या बातम्यांच्या मेजाशीं आहे. दुसऱ्याचें दुःख आपल्या तोंडून सांगावयाचें, परंतु त्यावर आपली मालकी सांगावयाची नाहीं, हें शिक्षण त्यांस तेथें मिळालें. आणि झोपडींतील स्त्री असो वा आश्रमाची अधीक्षिका असो, त्यांनीं तिची हकीकत अशाच इमानानें लोकांपुढें ठेविली.

आतां कोणी पुसेल, मांजर्लीच्या मुलांस याचें काय? आमचें उत्तर असें. आपली वस्ती उल्हास नदीच्या शेजारची आहे. २६ जुलै २००५ चा प्रलय येथील वडीलमंडळी विसरलेली नाहींत. पुढें २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली, आणि हजारांहून अधिक उतारूंस होड्यांच्या साह्यानें बाहेर काढावें लागलें. अशा दिवशीं प्रत्येकाच्या हातांतील मोबाईल हेंच एक बातमीचें केंद्र होतें. ‘धरण फुटलें’ अशी एखादी ओळ कोणी न पारखतां पुढें धाडली, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांस व लेकरांस घेऊन लोक अंधारांत धांवत सुटतील, आणि पाण्यानें न झालेला घात त्या एका ओळीनें होईल. उलट, पाणी खरोखरच चढत असतां तें वेळेवर व नेमकें सांगणारा मुलगा कित्येकांचे प्राण वांचवील. म्हणजे आज आपण सारेच वृत्तनिवेदक आहों. भेद इतकाच कीं, स्मिताबाईंच्या हातीं येणारा कागद कोणीतरी आधीं पारखलेला असे, आणि आपला आपल्यालाच पारखावा लागतो.

यासाठीं विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टींचा अभ्यास ठेवावा. पहिली, रोज दहा मिनिटें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावें, आणि घरांतील आजीस तें स्पष्ट ऐकूं येतें कीं नाहीं हें तिलाच विचारावें. दुसरी, कोणतीही वार्ता दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं ती कोणी पाहिली, कोठें व केव्हां, हे तीन प्रश्न करावे. उत्तर न मिळाल्यास गप्प राहावें. तिसरी, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं शास्त्रपाठ वाचण्याची पाळी आली म्हणजे ती टाळूं नये. शुभवर्तमान या शब्दाचा अर्थच चांगली बातमी असा आहे. ती वाचणाराचा शब्द शेवटच्या रांगेंतील मुलास ऐकूं गेला नाहीं, तर त्या मुलापुरती ती बातमी आलीच नाहीं. वडीलमंडळींनींही आपलीं मुलें घरीं वाचूं लागलीं म्हणजे थोडा वेळ हातांतील काम बाजूस ठेवून ऐकावें. नीट ऐकणारीं माणसें असलीं म्हणजेच नीट सांगणारीं माणसें तयार होतात.